सुईच्या भोकातून जाड नळी कशी जाते?

लेंग्याची नाडी बदलताना घरातील मोठी माणसे काय करतात ते तुम्ही पाहिले असेल. जुनी नाडी एकदम ओढून काढली, की नवी ओवणे कष्टाचे होऊन बसते. म्हणून जाणती माणसे जुन्या नाडीच्या टोकाला नवी नाडी बांधतात आणि मग जुनी ओढतात. जुनी बाहेर येते आणि तिच्याच वाटेने नवी आत जाते. घरात विजेची जोडणी करणारा वायरमनही असेच करतो. भिंतीतल्या पाइपातून मऊ वायर ढकलली तर ती मध्येच दुमडते. म्हणून तो आधी ताठ पोलादी तार पलीकडे काढतो आणि तिच्या टोकाला वायर बांधून ओढून घेतो. तत्त्व एकच आहे: एकदा सापडलेली वाट हातची सोडायची नाही.

मित्रांनो, याच साध्या तत्त्वावर आज जगभरच्या रुग्णालयांत रोग्याच्या शिरेत जाड नळी घातली जाते. ती कशी घालतात, त्यात धोके कोणते आणि ते टाळण्यासाठी डॉक्टर कोणती काळजी घेतात, हे आज पाहू या. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे काम शिकलेल्या डॉक्टरांचे आहे. आपण ते समजून घ्यायचे आहे, करून पाहायचे नाही.

जाड नळी कशाला हवी?

जुलाबाने अशक्त झालेल्या रोग्याला सलाइन लावतात तेव्हा हाताच्या शिरेत घातलेली बारीक नळी पुरते. पण प्रत्येक वेळी तेवढ्याने भागत नाही. अपघातात पुष्कळ रक्त गेले असेल तर ते भराभर भरून काढावे लागते. काही औषधे इतकी तीव्र असतात, की लहान शिरेला त्यांचा दाह होतो. मूत्रपिंडे बंद पडली तर यंत्रातून रक्त शुद्ध करण्यासाठी ते वेगाने बाहेर काढून परत आत सोडावे लागते. कधी हृदयाचे ठोके मंदावतात आणि तात्पुरत्या पेसमेकरची तार हृदयाच्या आत न्यावी लागते. अशा वेळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत रुंद दार उघडावे लागते. या दाराचे काम करणाऱ्या आखूड, रुंद नळीला डॉक्टर ‘इंट्रोड्यूसर शीथ’ म्हणतात. शीथ म्हणजे म्यान. या म्यानातून पुढे दुसरी लांब नळी किंवा तार आत सरकवता येते. आपण तिला प्रवेशनळी म्हणू.

रुंदीचा फायदा किती मोठा असतो, ते गणिताने पाहा. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये प्वाझय नावाच्या वैद्याने बारीक नळ्यांतून द्रव किती वेगाने वाहतो याचे बारकाईने प्रयोग केले. संथ, एकसारखा प्रवाह असेल तर तो नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, असे त्याला आढळले. म्हणजे लांबी व दाब सारखेच असताना नळीचा आतला व्यास १ मिलिमीटरऐवजी ३ मिलिमीटर केला, तर प्रवाह तिप्पट होत नाही. तो ३ × ३ × ३ × ३, म्हणजे ८१ पट होतो! उलट नळीची लांबी दुप्पट केली की प्रवाह निम्मा होतो. म्हणून घाईने रक्त द्यायचे असेल तर लांब व बारीक नळीपेक्षा आखूड व रुंद नळी कितीतरी उपयोगी पडते.

शिरेची ओळख

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी आणि हृदयाकडे रक्त आणणाऱ्यांना नीला म्हणतात, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. बोलताना आपण जिला शीर म्हणतो ती बहुधा नीलाच असते. तिची ओळख करून घेण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. त्याला सुई लागत नाही, दोन बोटे पुरतात.

हात थोडा वेळ खाली लोंबता ठेवा. मनगटाच्या मागच्या बाजूस किंवा कोपराखाली एक सरळ, फुगलेली शीर निवडा. तिच्या पंजाकडील टोकावर एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने शिरेतले रक्त कोपराच्या दिशेने पुसत न्या आणि ते बोट उचला. काही शिरांत असे दिसेल, की वरचे बोट उचलले तरी शीर रिकामीच राहते. खालचे बोट उचलले की मात्र ती लगेच खालून भरते. शिरेत रक्ताला मागे येऊ न देणाऱ्या झडपा असतात, म्हणून असे होते. इंग्लंडच्या विल्यम हार्वे या वैद्याने १६२८ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात याच प्रकारच्या प्रयोगाचे वर्णन केले होते.

या प्रयोगातून आणखी एक गोष्ट कळते. शीर किती सहज चपटी झाली! तिची भिंत पातळ असते आणि आत दाब थोडा असतो. निरोगी माणसाच्या मोठ्या रोहिणीत रक्ताचा दाब सुमारे १२० ते ८० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. हृदयाजवळच्या नीलेत, माणूस आडवा असताना, तो साधारण ५ मिलिमीटरच्या आसपास असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे. तेव्हा हिशेब केला तर रोहिणीला जोडलेल्या उभ्या नळीत पाणी दीड मीटरहून वर चढेल. नीलेला जोडलेल्या नळीत ते जेमतेम ७ सेंटिमीटर चढेल. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीला काचेची लांब नळी जोडली, तेव्हा रक्त ८ फुटांहून वर चढले. ही हकीकत त्याने १७३३ साली छापली. हा फरक लक्षात ठेवा. पुढे तोच आपल्या उपयोगी पडणार आहे.

स्वतःच्या हृदयात नळी

शिरेतून नळी सरकवत नेली तर ती हृदयापर्यंत पोचेल, ही कल्पना माणसावर खरी करून दाखवण्याचा मान बहुधा व्हेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरला दिला जातो. १९२९ साली, बर्लिनजवळील एबर्सव्हाल्डे या गावच्या रुग्णालयात, वरिष्ठांनी मनाई केली असतानाही त्याने स्वतःच्याच डाव्या हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर लांब नळी आत घातली. मग तो चालत क्ष-किरण विभागात गेला. चित्रात नळीचे टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात दिसले. त्या वेळी त्याची थट्टाच अधिक झाली. पुढे न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स यांनी ही पद्धत रोग्यांच्या तपासणीसाठी नीट विकसित केली आणि १९५६ साली तिघांना मिळून वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. फोर्समानचे धाडस यशस्वी झाले म्हणून ते अनुकरणीय ठरत नाही. तो वाचला, पण प्रत्येक वेळी दैव साथ देईल अशा भरवशावर रोग्याचा जीव टांगता येत नाही. पुढचा सगळा इतिहास दैवावरचा भरवसा कमी करण्याचा आहे.

सेल्डिंगरची युक्ती

एक अडचण मात्र उरली होती. मऊ नळी कातडीतून आपण होऊन शिरत नाही. तिच्यासाठी आधी भोक पाडावे लागते. सुईच्या पोकळीतून नळी घालायची तर सुई नळीपेक्षा जाड हवी. म्हणजे वाहिनीला पडलेले भोक नळीपेक्षा मोठे, आणि नळीभोवतीच्या फटीतून रक्त पाझरत राहणार. कातडी कापून, शीर उघडी करून नळी घालता येई, पण ती एक लहानशी शस्त्रक्रियाच होई. बारीक भोक पाडून त्यातून जाड नळी कशी घालावी, हे कोडे होते.

ते सोडवले स्वीडनमधील स्वेन इव्हार सेल्डिंगर याने. त्याचा जन्म १९२१ सालचा, मोरा या गावचा. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात तो क्ष-किरण विभागात काम करी. रोहिणीत औषध सोडून तिचे चित्र घेण्याचा त्याचा प्रयत्न चालला होता. एका फसलेल्या प्रयत्नानंतर तो सुई, तार आणि नळी अशा तीन वस्तू हातात घेऊन उभा होता. त्या कोणत्या क्रमाने वापराव्यात, ते त्याला त्या क्षणी उमगले. सुई आत घालायची. सुईतून तार आत सोडायची. तार तशीच ठेवून सुई काढून घ्यायची. तारेवरून नळी ओवून आत न्यायची. शेवटी तार काढून घ्यायची. सुई बाहेर आली तरी वाट हरवत नाही, कारण तार ती धरून बसलेली असते. नाडीचेच तत्त्व!

१९५३ साली सेल्डिंगरने ही पद्धत प्रसिद्ध केली. डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी ती पुरेशी नाही असे त्याला सांगण्यात आले आणि प्रबंध त्याने पुढे दुसऱ्याच विषयावर लिहिला. आज मात्र अँजिओग्राफीपासून डायालिसिसपर्यंत असंख्य उपचारांची सुरुवात त्याच्याच युक्तीने होते. १९६५ साली डेझिलेट्‌स आणि हॉफमन यांनी तारेवरून घालण्याच्या प्रवेशनळीची पद्धत मांडली. त्यामुळे एकदा दार बसवले, की त्यातून नळ्या बदलणे सोपे झाले.

साहित्य

या कामाच्या संचात पुढील वस्तू असतात.

१. पोकळ सुई व पिचकारी. सुई साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची.
२. मार्गदर्शक तार. जाडी १ मिलिमीटरपेक्षा कमी. तिचे पुढचे टोक मऊ असते आणि बहुधा छत्रीच्या मुठीसारखे वळलेले असते, म्हणजे ते शिरेच्या भिंतीत रुतत नाही.
३. विस्तारक. ही टोकाला निमुळती, ताठ नळी. ती वाट रुंद करते.
४. प्रवेशनळी. विस्तारकावर म्यानासारखी बसते. मागच्या तोंडाशी रबरासारखी झडप असते आणि बाजूला एक तोटी असलेली नळी.

या नळ्यांची जाडी ‘फ्रेंच’ या मापात सांगतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर व्यास. नेहमी वापरात असलेली एक प्रवेशनळी साडेआठ फ्रेंचची असते. म्हणजे तिच्यातून पावणेतीन मिलिमीटरहून किंचित जाड वस्तू जाऊ शकते.

एक एक पायरी

मानेच्या उजव्या बाजूची मोठी नीला या कामासाठी पुष्कळदा निवडतात, कारण तेथून हृदयाकडे जाणारा रस्ता बराचसा सरळ असतो. पण तिच्या शेजारीच मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी धडधडत असते. तेव्हा पहिला प्रश्न, सुई नेमकी नीलेतच गेली हे कसे ओळखायचे?

पूर्वी डॉक्टर स्नायू व हाडांच्या खुणांवरून अंदाज बांधत. आता श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्राने, म्हणजे सोनोग्राफीने, दोन्ही वाहिन्या पडद्यावर पाहता येतात. दाबल्यावर चपटी होते ती नीला. गोल राहून उडत राहते ती रोहिणी. तुम्ही मघाशी दोन बोटांनी केलेला प्रयोगच हा! मग जागा बधिर करून, पिचकारीचा दट्ट्या हलका ओढून धरत सुई आत नेतात. गडद रक्त संथपणे आले तर ती नीला असावी. पण नुसत्या रंगावर विसंबत नाहीत. ज्याच्या रक्तात प्राणवायू कमी आहे अशा रोग्याच्या रोहिणीतले रक्तही काळपट दिसते.

यानंतर पिचकारी काढून सुईतून तार आत सोडतात. तार सहज सरकली पाहिजे. अडली तर जोर करायचा नाही. थांबायचे आणि कारण शोधायचे. तार फार खोल जाऊन हृदयाच्या आतल्या भिंतीला टेकली तर ठोके चुकू लागतात. म्हणून हृदयाच्या आलेखाच्या पडद्यावर सतत लक्ष असते आणि तसे दिसले तर तार थोडी मागे घेतात. मग तार धरून ठेवून सुई बाहेर काढतात.

आता सर्वांत महत्त्वाचा थांबा. रोहिणीला बारीक सुईचे भोक पडले तर सुई काढून काही मिनिटे दाबून धरल्यावर ते बहुधा बंद होते. पण विस्तारकाने तेच भोक दोन-तीन पट मोठे केले, तर जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून वाट रुंद करण्यापूर्वी खात्री करून घ्यायची असते. तार नीलेतच आहे हे सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहतात. किंवा बारीक नळी जोडून ती उभी धरतात आणि रक्त किती चढते ते पाहतात. थोडे चढून थांबले तर नीला. उसळी मारत वर चढत राहिले तर रोहिणी. हेल्सच्या घोडीचा प्रयोग येथे माणसाचा जीव वाचवतो. आणि एवढे करूनही जाड नळी रोहिणीत गेल्याचे नंतर कळले, तर ती घाईने उपसून काढायची नसते. तीच त्या वेळी भोकाचे बूच असते! ती तशीच ठेवून रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाला बोलावतात.

खात्री झाली की तारेजवळ कातडीला लहानशी चीर देतात. विस्तारक आणि त्यावरची प्रवेशनळी एकत्रच तारेवर ओवतात. येथे एक नियम कधीही मोडायचा नाही. तारेचे मागचे टोक विस्तारकाच्या मागून बाहेर आलेले दिसले आणि बोटांत पकडले, मगच विस्तारक पुढे ढकलायचा. नाहीतर नळीबरोबर सबंध तार आत निघून जाईल. असे अपघात खरोखरच झाले आहेत आणि तार परत काढण्यासाठी रोग्याला आणखी एका उपचाराला तोंड द्यावे लागले आहे. विस्तारक ताठ असतो, म्हणून तो शिरेत पोचण्यापुरताच आत नेतात. तेथून पुढे फक्त मऊ प्रवेशनळी त्याच्यावरून सरकवतात. शेवटी विस्तारक आणि तार बाहेर काढतात, झडप आपोआप मिटते आणि तार पूर्ण बाहेर आली हे सर्वांसमक्ष पाहून नोंदवतात. बाजूच्या नळीतून रक्त सहज येते का ते पाहून ती सलाइनने धुतात, प्रवेशनळी टाक्याने पक्की करतात आणि छातीचे क्ष-किरण चित्र घेतात.

हवा आत गेली तर?

शेतावरच्या पंपाने हवा धरली की काय होते, हे खेड्यातल्या मुलांना सांगायला नको. पंप फिरत राहतो, पण पाणी चढत नाही. हृदय हाही पंपच आहे. त्यात मोठा हवेचा बुडबुडा शिरला तर हृदय आकुंचन पावते, पण हवाच दाबली जाते आणि रक्त पुढे सरकत नाही.

पण शरीरातून रक्त बाहेर येण्याऐवजी हवा आत कशी जाईल? माणूस उठून बसला की मान हृदयाच्या वर येते आणि मानेच्या शिरेतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षाही कमी होऊ शकतो. त्यातच त्याने खोल श्वास घेतला तर छातीतला दाब आणखी उतरतो आणि उघड्या नळीतून हवा शोषली जाते. जाड नळीतून तर क्षणार्धात.

उपाय भौतिकशास्त्रातच आहे. ज्यांना चालण्यासारखे असेल अशा रोग्यांचे डोके पायांपेक्षा थोडे खाली येईल असा पलंग तिरपा करतात, म्हणजे मानेची शीर भरून फुगते. नळ्यांत आधीच सलाइन भरून हवा काढून टाकतात. सुईचे तोंड उघडे पडले तर त्यावर बोट ठेवतात. प्रवेशनळीची झडप याचसाठी असते. नळी काढतानाही रोग्याला आडवे ठेवतात, श्वास सोडून क्षणभर रोखायला सांगतात, जागा दाबून धरतात आणि हवाबंद पट्टी लावतात.

न दिसणारा शत्रू

हृदयाजवळ उघडणाऱ्या दारातून जंतू आत गेले तर ते थेट रक्तात पोचतात. यावरचा उपाय आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत पाच गोष्टींवर भर दिला. हात धुणे, टोपी, मुखपट्टी, झगा व हातमोजे घालून रोग्याला मोठ्या निर्जंतुक कापडाने झाकणे, क्लोरहेक्सिडीनने कातडी स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे, आणि गरज संपताच नळी काढून टाकणे. डॉक्टर एखादी पायरी विसरले तर त्यांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिला होता. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका रोग्याला एक दिवस नळी म्हणजे एक ‘नळीदिवस’ धरला, तर पूर्वी दर १००० नळीदिवसांमागे सरासरी ७.७ रोग्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग होत असे. सुमारे दीड वर्षाने हे प्रमाण १.४ वर आले. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. जे सर्वांना ठाऊक होते तेच प्रत्येक वेळी, न चुकता केले.

सेल्डिंगरची युक्ती अर्ध्या मिनिटात सांगून होते. ती सुरक्षित होते मात्र प्रत्येक पायरीशी थांबून ‘कशावरून?’ असे विचारण्याने. विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही हीच सवय हवी.

विचार करा

१. प्रवेशनळी ९ फ्रेंच मापाची असेल तर तिचा आतला व्यास किती मिलिमीटर?
२. सारख्या लांबीच्या दोन नळ्यांचे आतले व्यास २ व ४ मिलिमीटर आहेत. दाब सारखा असेल तर दुसरीतून किती पट द्रव वाहील?
३. चालू असलेली सलाइनची बाटली खाटेवरच्या रोग्याच्या हातापेक्षा बरीच खाली ठेवली तर काय होईल?

उत्तरे: १. ३ मिलिमीटर. २. १६ पट. ३. सलाइन आत जाणे थांबेल आणि रोग्याचे रक्त नळीत मागे येईल.